झोळीतलं प्लॅटिनम

माझ्या बाबांनी सारी उमर एसटी चालवली, आणि उतारूच्या हातातला चहा सांडता कामा नये एवढंच त्यांचं शास्त्र होतं. माळशेजच्या फेरीला त्यांची गाडी टोकावड्याला थांबायची. लोक ढाब्यावर चहा घ्यायचे आणि अर्ध्या चहात गाडी सुटायची वेळ झाली की बाबा म्हणायचे, "ग्लास घ्या वर, नाय सांडायचा." ढाबेवाला मागून ओरडायचा, कारण त्याचे ग्लास घाट बघून संध्याकाळच्या फेरीला परत यायचे. बाबांनी त्याचं ओरडणं कधी मनावर घेतलं नाही. तो ओरडतो म्हणजे आपलं नाव होतं, असं ते म्हणायचे.

ते नाव घेऊन बाबा निवृत्त झाले आणि सापगावच्या आमच्या घरात येऊन बसले. बसले म्हणजे नुसते आमच्या मानगुटीवर बसले. आईने हंडा उचलला की "हळू गो, हिसका देतेस." मी जिना उतरले की "ब्रेक लाव, ब्रेक." दुपारी खाटेवर पडून रस्त्याकडे कान लावायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला नावं ठेवायचे. आई फटकळ, आणि मी तिच्यावरच गेलेली. एके दिवशी सकाळची वंदना आटोपून ती उठली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांना कुनीतरी एक गाडी द्या, नायतर मीच चार टायर लावून घेते."

गाडी मिळाली ती माझ्या नोकरीच्या ठिकाणी.

शहापूरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन मी बीएस्सी झाले होते आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्रयोगशाळेत लागले होते. छोटी म्हणजे एका शेडच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. आसपासच्या औषधांच्या कारखान्यांतले, दूध थंड करायच्या केंद्रातले, शीतगृहांतले थर्मामीटर आमच्याकडे यायचे. ते खरं बोलतात की खोटं, आणि खोटं तर किती, हे तपासून आम्ही तसा कागद देत असू. गावात कुणी विचारलं, तुमची मुलगी काय करते, तर आई सांगायची, "थर्मामीटरला ताप आलाय का ते बघते." मला राग यायचा, पण याहून सोप्या शब्दांत मलाही ते सांगता आलेलं नाही.

दुसऱ्याला खोटं ठरवायचं तर आपल्याजवळ एक तरी खरा पाहिजे. तसा आमच्याकडे एकच होता, प्लॅटिनमचा. हातभर लांब, शिसपेन्सिलीइतकी बारीक, काचेसारखी नळी. पण काच नव्हे, क्वार्ट्झ. तिच्या टोकाशी केसासारखी प्लॅटिनमची तार, वेटोळी करून बसवलेली. पाराबिरा काही नाही. तार तापली की विजेला जास्त अडवते, निवली की कमी अडवते. ती किती अडवते ते मोजायचं आणि त्यावरून तापमान काढायचं. अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत तो सांगायचा, आणि आम्ही सगळे डोळे मिटून त्याचं ऐकायचो.

आता एवढा खरा म्हटल्यावर नखरे आलेच. तार आत सैल ठेवलेली असते, कारण घट्ट बांधली तर ताणामुळे तिचा आकडा बदलतो. सैल असल्यामुळे धक्का लागला की वेटोळी दुखावतात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. नळीला उघडं बोट लावायचं नाही, लागलंच तर स्पिरिटने पुसायचं. टेबलावर ठेवताना आवाज आला तर साहेब दुसऱ्या खोलीतून दचकायचे. "फुटला तर परवडलं," ते म्हणायचे, "निदान कळतं. दुखावला तर हसतमुखाने खोटं सांगत राहतो."

साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे मालक. राहायचे शहापुरात. मुंबईतली चांगली पगाराची नोकरी सोडून त्यांनी हे दुकान मांडलं होतं. माणूस देवासारखा, फक्त त्याला गाडी चालवायला बसू द्यायचं नाही. त्यांना अंशाचा हजारावा भाग दिसायचा, समोरचा बैल दिसायचा नाही. त्यांच्या मारुती व्हॅनमधून शहापूर-मुरबाड रस्त्याने जाताना मी एकदा हात जोडून म्हणाले, "साहेब, माझे वडील घरी रिकामे बसलेत." साहेबांनी तिथेच गाडी थांबवली आणि विचारलं, "उद्यापासून येतील?" मागे ट्रकवाला शिव्या देत होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी व्हॅन घेऊन शहापूरला जायचे, साहेबांना घ्यायचे, परतीला सापगावात मला घ्यायचे आणि मुरबाड गाठायचे. संध्याकाळी उलटं. गाडी रात्री आमच्या दारात. आठवडाभरात बाबांचा आवाज बदलला. आईच्या हंड्याकडे त्यांचं लक्षही जाईना. आई मला म्हणाली, "आले बाय एकदाचे मानसात."

चौथं माणूस आमच्या मावशी. टोकावड्याच्या. झाडलोट, चहा आणि बर्फ ही तीन खाती त्यांच्याकडे. त्यांच्या नवऱ्याने हयातभर जत्रांमधून हाताने फिरवायच्या कोठीतलं आइस्क्रीम विकलं होतं. लाकडी बादलीत मधोमध डबा, भोवती बर्फ, आणि दांडा फिरवत बसायचं. तो गेल्यावर कोठी माळ्यावर गेली, पण मावशींचा बर्फावरचा हक्क तसाच राहिला. बर्फाबद्दल कुणी बोललं की त्या मान कलती करून ऐकायच्या, माहेरच्या माणसांबद्दल कुणी बोलतंय की काय तसं. प्लॅटिनमच्या थर्मामीटरला त्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं होतं, नवरदेव. "सगली त्याच्याच पुढंमागं नाचतात, आनि तो आपला गप," त्या म्हणायच्या.

बर्फ कशाला लागतो ते सांगायला हवं. शुद्ध पाण्याचा बर्फ आणि शुद्ध पाणी एकत्र कालवलं की तिथे शून्य अंश असतं. म्हणजे असतंच. तिथे कुणाचा कागद लागत नाही, कुणाची सही लागत नाही. आपला नवरदेव ठीक आहे का, हे बघायचं तर त्याला त्या बर्फात उभा करायचा आणि आकडा बघायचा. मोठ्या प्रयोगशाळांत याहून चांगली सोय असते, आम्हाला ती परवडणारी नव्हती. आम्ही डिस्टिल्ड पाणी स्टीलच्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचो, आणि त्याचा बर्फ गोळ्याच्या मशीनवर किसायचो. हो, बर्फाच्या गोळ्याच्याच. मुरबाडच्या बाजारात एका गोळेवाल्याकडून साहेबांनी ते जुनं मशीन घेतलं होतं. आम्ही ते घासून घासून इतकं चकचकीत केलं होतं की तो गोळेवाला एकदा बघायला आला आणि म्हणाला, "तवा असं ठेवलं असतं तर मी इकलंच नसतं."

आणि एक रीत होती. नवरदेवाचं शून्य बघून झालं की उरलेला किसलेला बर्फ वाटून खायचा. मावशी घरून बाटलीत कोकमाचं आगळ आणायच्या. पेल्यात मूठभर बर्फ, वर आगळ, साखर. साहेब पेला घेऊन पायरीवर बसायचे, बाबा व्हॅनला टेकून उभे राहायचे. मुरबाडच्या वैशाखात, पत्र्याच्या शेडमागे, जगातला सगळ्यात शुद्ध गोळा आम्ही खात होतो. मला अजून त्या बर्फाची चव आठवते. खरं तर त्याला चव नव्हतीच.

काही वर्षांनी एकदा नवरदेवाला दिल्लीला पाठवावं लागायचं. आपला खरा तिथल्या अधिक खऱ्याशी ताडून बघायचा, म्हणून. कुरिअरने तो पाठवायचा नाही, पोटाशी धरून न्यायचा. साहेब स्वतः जायचे. त्या वर्षी, दोन हजार सालानंतरच्या त्या मोठमोठ्या लोडशेडिंगच्या दिवसांत, मे महिन्यात ते त्याला परत घेऊन आले. शहापूरला घरी पोचले आणि तापाने आडवे झाले. दिल्लीची लू बाधली होती. त्यांनी फोनवर मला सांगितलं, "मी नाही येऊ शकत. तुम्ही दोघं घेऊन जा त्याला मुरबाडला. वडिलांना म्हणावं, चहा नाही, प्लॅटिनम आहे."

बाबांनी आदल्या संध्याकाळपासून तयारी केली. नवरदेवाची पेटी मांडीवर घेतली तरी खड्ड्याचा हिसका मांडीतून पेटीत जातोच, असं त्यांचं म्हणणं. ते विचार करत ओट्यावर बसले होते. समोरच्या घरात तान्हं पोर झोळीत झोपलं होतं, आणि त्याची आई खुशाल जोराने झोका देत होती. बाबा उठले आणि आईला म्हणाले, "तुजी एक जुनी साडी काड." व्हॅनच्या छताला दोन्हीकडे हूक लावून त्यांनी साडीची झोळी बांधली. आत आईने सावरीच्या कापसाची उशी घातली. मग बाबांनी झोळीत पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि गावाला एक चक्कर मारली. पाणी थोडंसं डुचमळलं, सांडलं नाही. आई म्हणाली, "नवरदेवाला झोळी? मग हे तर तान्हंच हाय. तीट पन लावू का?"

सकाळी शहापूरहून निघालो. पेटी झोळीत, मी बाजूला बसून झोळी दोन्ही हातांनी धरलेली, म्हणजे ती इकडेतिकडे आपटू नये. बाबांनी गाडी अशी चालवली की मागून सायकली पुढे गेल्या. भातसाच्या पुलावरून आलो. पुलाच्या तोंडाशी एक खड्डा होता. तो बाबांना तोंडपाठ होता, आमच्या घराजवळचाच. ते त्याला वळसा घालणार, तेवढ्यात आमच्याच आळीतली एक म्हैस आडवी आली. बाबांनी ब्रेक लावला, चाक सरळ खड्ड्यात गेलं, आणि गाडी धाडकन बसून उठली.

झोळी खाली गेली, वर आली, थांबली. माझ्या हाताला नेहमीच्या झोक्याहून जास्त काही लागलं नाही. मी तसं बाबांना सांगितलं.  त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून खड्ड्याकडे बघितलं आणि परत येऊन बसले. मुरबाड येईपर्यंत त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

दोन-तीन दिवसांनी साहेब उठून आले. मी बाबांना बजावून ठेवलं होतं की आधी आकडा बघू, मग काय ते सांगा. पण हा माणूस हात दाखवून अवलक्षण करणारा. व्हॅनचं दार उघडायच्या आधीच साहेबांना म्हणाले, "साहेब, सापगावच्या पुलाशी धक्का दिला मी. बारका नव्हता." साहेब म्हणाले, "बघू या. झोळीत होता ना? बघू या."

त्या दिवशी बघणं झालंच नाही. सकाळी वीज गेली ती दुपारनंतर आली, आणि तोवर थर्माकोलच्या पेटीत काढून ठेवलेल्या बर्फाचं पाणी झालं होतं. साहेब आजारातून उठलेले, त्यात ही काळजी. ते मावशींवर चिडले, एरवी कधी चिडायचे नाहीत. "उद्या बर्फ टिकला पाहिजे मावशी. काय वाट्टेल ते करा." मावशींच्या ते फार जिव्हारी लागलं. बर्फावरून त्यांना आजवर कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बर्फ टिकला. किसला, फ्लास्कमध्ये कालवला, नवरदेवाला आत उभा केला आणि निवायला वेळ दिला. आकडा स्थिर झाला. दिल्लीहून आलेल्या कागदावर शून्याचा जो आकडा होता, त्यापेक्षा आमचा कमी होता. अंशाचा जवळजवळ दहावा भाग. तुम्हाला वाटेल, दहावा भाग म्हणजे किती तो. हजाराव्या भागाच्या गावात दहावा भाग म्हणजे दरी. साहेबांनी परत बघितलं, परत तेच.  त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि हळूच म्हणाले, "अरेरे."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. बाबा दारातच उभे होते. त्यांनी खिशातून व्हॅनची किल्ली काढली, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "आजपास्नं नाय, साहेब." साहेब म्हणाले, "अहो, असं काय करता." बाबा म्हणाले, "पेशंट मेला तर डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी परत सुरी घ्यावी का?" आणि चालत एसटी स्टँडवर गेले. बर्फ त्या दिवशी कुणीच खाल्ला नाही. मावशींनी बाटली तशीच पिशवीत घातली.

घरी बाबा ओट्यावर बसून राहिले. रस्त्याकडे पाठ करून. गाड्या जात होत्या, पण ते कुणाला नावं ठेवत नव्हते, आणि आम्हाला त्याचीच भीती वाटायला लागली. आईने हंडा मुद्दाम आपटून ठेवला. त्यांनी मान वर केली नाही. "म्हशीला काय ठावं पेलॅटिनम," ती म्हणाली. तेव्हा ते म्हणाले, "म्हशीचं काय नाय गो. हात म्हातारा झाला." आई आत गेली आणि चुलीपुढे पाठमोरी बसली. माझी आई रडताना कधी दिसत नाही, फक्त पाठमोरी बसते. मला सगळ्यांचा राग आला. त्या थर्मामीटरचा, दिल्लीचा, साहेबांच्या त्या 'अरेरे'चा. आणि बाबांचा तर फारच. मी दहादा सांगितलं की झोळी माझ्या हातात होती, धक्का लागला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी साहेब स्वतः व्हॅन घेऊन आले. गिअर टाकताना गाडी किंचाळत होती. बाबांनी घरात बसून तो आवाज ऐकला असणार. मी मागे बसले, जीव मुठीत धरून, आणि विचार करत होते. डोक्यात एक गोष्ट वळवळत होती, पण धरता येत नव्हती. साहेबांचा डबा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी गाडी परत शहापूरकडे वळवली. पुलाजवळचा तोच खड्डा त्यांनी न चुकता घेतला, माझं डोकं टपावर आपटलं, आणि ती गोष्ट हाताला लागली.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत ना, मार बसला की तार ताणली जाते आणि जास्त अडवायला लागते. म्हणजे आकडा वर जायला हवा. आपला खाली आलाय."

साहेबांनी ब्रेक लावला. पुलाच्या तोंडाशी, भर रस्त्यात.  "मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा परत पडला. "पण नळीला भेग गेली असेल तर? आत ओल शिरली की आकडा खाली येतो." म्हणजे अजूनही ते बाबांवरच येत होतं. पण निदान दोन वाटा झाल्या होत्या. एक तर नवरदेवाला भेग, नाहीतर शून्यच शून्य नाही.

शून्य शून्य नाही, हे म्हणायलाही कसंतरी वाटत होतं.

दुपारी वीज आली. मावशींनी थर्माकोलची पेटी आणून ठेवली आणि बर्फ किसायला घेतला. उकाडा असा की पत्र्याखाली श्वास घेववत नव्हता. मी मशीनच्या खालच्या भांड्यातून मूठभर बर्फ उचलला आणि तोंडात कोंबला. भूक म्हणून नाही, रीत म्हणून नाही, नुसता वैताग म्हणून.

खारट.

फार नाही. अश्रू ओठावर आला की लागतं तेवढंच. मी परत एक चिमूट घेतली, वाटलं माझ्याच हाताचा घाम असेल. पेटीतला एक तुकडा जिभेला लावला. तो तर चांगलाच खारट होता.

"मावशी," मी म्हणाले, "बर्फाला काय लावलंत?"

मावशींनी दांडा थांबवला. त्यांचा चेहरा खुलला, कुणीतरी शेवटी विचारलं म्हणून. "जाडं मीठ," त्या म्हणाल्या. "येकच मूठ भुरभुरवलं वरनं. साहेब बोलले ना, टिकला पायजे. आमच्या कोठीला मीठ घातल्याबिगर बर्फाला जोर येतच नाय. आमचे हे शेरभर घालायचे."

कोठीत बर्फाला मीठ घालतात ते त्याने गारवा वाढतो म्हणून. मिठाचा बर्फ शून्याच्या खाली उतरतो, आणि म्हणूनच मधल्या डब्यातलं दूध गोठतं. मावशींच्या घरात दोन पिढ्या याच्यावर जेवल्या होत्या. आमच्या फ्लास्कमध्ये तोच बर्फ गेला होता, आणि नवरदेव बिचारा त्यात उभा राहून जे होतं ते खरं खरं सांगत होता. आम्हीच त्याला खोटं ठरवून बसलो होतो.

साहेब आले. मी काही न बोलता बर्फाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि खा म्हणून खूण केली. त्यांनी चघळला. मग ते स्टुलावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला लागला. मावशी एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. मग मी त्यांना काय झालं ते सांगितलं, आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. "म्हंजी त्यांनी किल्ली टाकली ती माज्यापायी?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "बाय गो, त्या मानसानं आमच्या ह्यांची कोठी यष्टीच्या टपावर घालून घाटावर किती येला नेली असंल. येकदा चरा नाय पडला तिला."

साहेब उठून त्यांच्याजवळ गेले. "मावशी, मीच म्हणालो होतो, काय वाट्टेल ते करा. तुम्ही केलंत. उद्या सकाळी नवा बर्फ लावा, त्याला काही करू नका. विरघळला तर विरघळू दे."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते उठतील, हसतील. ते म्हणाले, "आधी नवा बर्फ होऊ दे." दुधाने तोंड भाजलेला माणूस. आई मात्र ऐकल्यापासून हसत होती. मीठ, मीठ, म्हणत होती आणि हसत होती. रात्री तिने आमटीत मीठ घातलं की नाही ते तिला आठवेना, म्हणून परत घातलं. ती आमटी आम्ही पाणी पीत पीत संपवली.

दुसऱ्या दिवशी बाबा आमच्याबरोबर व्हॅनमध्ये बसायला तयार होईनात. एसटीने आले आणि शेडबाहेरच्या पायरीवर बसले. आत यायलाही तयार नव्हते. नव्या बर्फात नवरदेव उभा राहिला. आम्ही तिघं श्वास रोखून. आकडा हलला, हलला आणि थांबला. मी कागद जवळ धरला. शेवटच्या घराला उगीच एक केसभर फरक, तोही असायचाच. साहेब दारात गेले आणि म्हणाले, "या, बघा."

बाबांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. सगळ्या जन्माचे तिकिटाचे, डिझेलचे, मैलाच्या दगडांचे आकडे. त्यांनी एक बोट कागदावर ठेवलं, एक यंत्राच्या काचेसमोर हवेत धरलं, आणि एक एक घर मिळवत गेले, ओठ हलवत. शेवटच्या घराशी थांबले. परत पहिल्यापासून सुरू केलं. कुणी त्यांना घाई केली नाही. मग त्यांनी दोन्ही हात खाली घेतले आणि नवरदेवाकडे बघून म्हणाले, "बरा हाय ना रे बाबा."

साहेबांनी खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्यासमोर धरली. बाबांनी ती घेतली. मावशींनी त्या दिवशी पहिला पेला बाबांना दिला. द्यायच्या आधी आतला बर्फ स्वतः चाखून बघितला. बाबा म्हणाले, "कोठीत मीठ कमी पडलं असतं तरी तुमच्या मालकानं गाडीला उशीर झाला म्हणून मलाच शिव्या घातल्या असत्या." मावशी रडत होत्या त्या हसल्या.

एरवी संध्याकाळी मी सापगावात उतरायची आणि बाबा साहेबांना सोडून यायचे. त्या दिवशी मी उतरले नाही. शहापूरला साहेब उतरले, आणि आम्ही दोघंच परत निघालो. मावळतीला भातसाचा पूल लागला. पुढे खड्डा दिसत होता. म्हैस नव्हती, माणूस नव्हतं, वळसा घालायला पूर्ण रस्ता मोकळा होता. बाबांनी गाडी हळू केली नाही. उलट ॲक्सिलरेटर दाबला आणि चाक सरळ त्याच्यात घातलं. माझं डोकं टपाला लागलं, दात दातांवर आपटले, रिकामी झोळी छताला जाऊन थडकली.

"बाबा!"

"आता काय काच हाय का गाडीत," ते म्हणाले, आणि हसले.  आमच्या आळीच्या वळणावर रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुला वाटलेलं का गो, माज्या हातनं झालं म्हणून?"

"नाय," मी म्हणाले. "झोळी माझ्या हातात होती ना."

त्यांनी गिअर बदलला. आवाजसुद्धा आला नाही. "मला वाटलेलं," ते म्हणाले. "पक्कं वाटलेलं. म्हटलं, इतकी वर्सं लोकं उगाच चांगलं बोलत व्हती काय की."

 दारात आई उभी होती. तिला आवाजावरूनच कळलं होतं कोण चालवतंय ते. ती आत गेली आणि काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास घेऊन आली. बाबांनी गाडी बंद केली नाही. "तिच्याकडं दे," ते म्हणाले, "नाक्यापरत जाऊन येतो." आईने खिडकीतून ग्लास माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही हातांनी धरला, झोळी धरली होती तसाच. गाडी निघाली, वळली, आमच्या आळीचे दगड, गटार, नाक्यावरचा उंचवटा, सगळं खालून सरकत गेलं. आणि चहा माझ्या मांडीवर सांडला.

"सांडलास," बाबा म्हणाले.

"गाडी नाही हलली," मी म्हणाले. "माझा हात हलतोय."

त्यांनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. मग समोर बघून म्हणाले, "हां. तुजाच."